कांद्याच्या चाळीमागची गाडी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. घरात नाही, शाळेत तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

न्हावऱ्याच्या अलीकडे आमची शाळा. सकाळी गेटसमोर गाड्याच गाड्या, धूर, हॉर्न. म्हणून मीच टूम काढली — पोरांनी, आईबापांनी, आम्ही शिक्षकांनी, सगळ्यांनी सायकलवर यायचं. पालकसभेत तावातावानं बोलले. माझं घर लांब, तरी मी पहिली येईन म्हणाले. टाळ्या पडल्या.

आणि आले की — आठवडाभर. मग मांड्या भरून आल्या, उठवेना. सरळ सांगायला काय झालं होतं? पण टाळ्या गोड लागल्या होत्या ना. शाळेजवळच आमच्या मावसदिरांची कांद्याची चाळ आहे. तिच्यामागं कार लावायची, तिथं ठेवलेली सायकल काढायची आणि उरलेला एवढासा रस्ता ऐटीत यायचं. अजून सांगू? बाटलीतलं पाणी मानेवर शिंपडायचे, घाम दिसावा म्हणून. शाळेत शिकवणारी बाई मी.

आप्पा आमचे क्लार्क, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी स्कूटर पोराला देऊन टाकली आणि जुनी सायकल बाहेर काढली. राहू द्या आप्पा, या वयात कशाला, असं मी म्हणाले एकदा. तर म्हणतात, "बाई, तुमी यवढ्या लांबनं येता, मग मला काय धाड भरलीय?"

तेव्हाच बोलायचं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं — गिळलं.

ऊसतोडीच्या दिवसांत आप्पा सायकलवर शाळेला येताना समोरून ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. आप्पा डांबरावरून खाली उतरले, खडीत सायकल घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आता वॉकर धरून अंगणापर्यंत जातात, तेवढंच. सगळे म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याची चूक. मीही मान डोलावली. उसाच्या दिवसांत तो रस्ता सायकलचा नाही, हे मला आधीच कळलं असतं — मी खरंच तिथून सायकलवर येत असते तर.

त्यांना भेटायला गेले. कार — हो, तेव्हाही कारच — वळणाआड लावली आणि चालत घरात शिरले. मला बघून आप्पांचा चेहरा खुलला. काकूंना म्हणाले, "आगं, बाईंना पैला च्या दे. सायकलवरनं आल्यात, दमल्या आसतील."

मी ओढणीनं कपाळ पुसलं. कोरडंच होतं ते. काकूंनी चहा आणला, आणि मी तो प्याले.