बाबांचा हार घातलेला फोटो

हसू येणार तुम्हाला, मला माहीत आहे. पण आधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल. कारण हा घोळ मी एकटीनं, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातांनी घातलेला आहे.

आम्ही अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहतो. इथला हिवाळा म्हणजे काय? दुपारी साडेचारला अंधार, दिवसभर रिपरिप, आणि वर धुकं असं दाटतं की समोरचं घर जागेवर आहे की नाही ते कळत नाही. अशात ऑफिसच्या टीममधली एक डॅनिश बाई जेवताना म्हणाली, आमच्याकडे हिवाळ्यात ‘ह्युगे’ करतात. म्हणजे मंद उजेड, मऊ पांघरुणं, गरम सूप, जवळची माणसं आणि फोन बंद. बस्स, एवढंच.

मला कोणी काहीही सांगितलं की मी त्याचा प्रोजेक्ट करते! शनिवारी सोफे भिंतीला लावले. मध्ये गाद्या घातल्या आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. बारा मेणबत्त्या लावल्या. पाच मिनिटांत स्मोक अलार्म असा केकाटला की समीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बाराच्या बारा विझवल्या. मग मी देवघरातलं निरांजन आणून जमिनीवर ठेवलं. एकच.

‘आवडत्या माणसांची आठवण जवळ ठेवा,’ असंही ती बाई म्हणाली होती. म्हणून निरांजनामागे बाबांचा फोटो ठेवला. माझे बाबा पुण्याला असतात. फ्रेम केलेला तेवढाच फोटो घरात होता, त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचा. गळ्यात झेंडूचा भलामोठा हार.

तिघांचे फोन बंद करून पोळ्यांच्या डब्यात टाकले. माझी चौदा वर्षांची लेक इरा म्हणाली, “मॉम, धिस इज सो क्रीपी.”

“क्रीपी नाही, कोझी,” मी म्हटलं. आणि आम्ही तिघं माना खाली घालून पुस्तकं वाचत बसलो.

तुम्हाला एव्हाना काहीतरी दिसायला लागलंय ना? मला नाही दिसलं.

पाचच्या सुमाराला खिडकीशी काहीतरी हललं. बघते तर धुक्यात एक पांढराफटक चेहरा! काचेला अगदी चिकटलेला. मी ओरडायच्या आत नाहीसा झाला.

“रॅकून असेल यार, कचऱ्याचे डबे उपसायला आलेला,” समीर म्हणाला.

“रॅकून डोक्याला स्कार्फ बांधतो?”

अर्ध्या तासानं दारावर हलकीशी टकटक. शेजारचे जोशीकाका आणि काकू. काका निवृत्त डॉक्टर, चाळीस वर्षं इथेच. काकूंचा आवाज एरवी रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. आज एक शब्द नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गादीवर बसल्या. काका खुर्ची घेऊन थेट दाराशी जाऊन बसले.

मला वाटलं, वा! काकूंना न शिकवता ह्युगे जमलं.

“कधी झालं हे?” काकूंनी अगदी हळू विचारलं.

“चारला सुरू केलं काकू, पाचच्या आत सगळं आटपलं.”

“त्रास नाही ना झाला फार?”

“छे. सोफा हलवताना समीरची पाठ जरा धरली, तेवढंच.”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग काकांकडे बघून त्यांनी पदराच्या जागी स्कार्फनं डोळे पुसले. मी म्हटलं, उबदार वातावरणात माणूस हळवा होतोच.

मग सुरू झालं ते विचित्रच होतं. बेल वाजायच्या आत काका दार उघडत होते. धुक्यातून एकेक जण येत होता, बूट काढत होता, बाबांच्या फोटोला हात जोडत होता आणि न बोलता गादीवर टेकत होता. सगळे आमच्या मराठी मंडळातले. शिंदे वहिनींनी पातेलंभर पिठलं-भात आणला.

“अय्या, कम्फर्ट फूड!” मी म्हणाले.

वहिनी हुंदके देऊन रडायला लागल्या.

हळूहळू अठरा माणसं जमली. आवाज कुणाचाच नाही. पन्हळीतून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. एका ज्योतीच्या उजेडात भिंतीवरच्या सावल्या माणसांच्या दुप्पट झाल्या होत्या. इरा मला बिलगली. “मॉम, व्हाय इज नोबडी टॉकिंग?” खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तेवढ्यात नागपूरचा एक मुलगा उठला, बूट घातले आणि निघून गेला. ‘येतो’ म्हणालाच नाही.

आता मला सांगा, मराठी माणूस ‘येतो’ न म्हणता कुठल्या घरातून निघतो?

मी सावकाश खोलीभर नजर फिरवली. पांढऱ्या चादरी. शेजारून आलेला पिठलं-भात. जमिनीवर एकच दिवा. आणि त्यामागे, हार घातलेले माझे बाबा.

गेल्याच महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती, सगळ्या मंडळाला माहीत होतं. म्हणजे यांना बातमी कळलीय आणि मलाच नाही! माझा फोन बंद. हे सांगायला आलेत आणि कुणाची जीभ रेटत नाहीये. परदेशात राहणारा प्रत्येक जण ज्या बातमीला भिऊन असतो, ती माझ्याच घरात येऊन बसली होती.

“काकू… बाबा?”

काकूंनी मला घट्ट मिठी मारली. आणखी काय विचारायचं?

मी पोळ्यांच्या डब्याकडे धावले. फोन चालू व्हायला इतका वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. त्रेचाळीस मिस्ड कॉल्स, त्यातले सात पुण्याचे. बाबांशी शेवटचं कधी बोलले होते? आठवेना. मला मोठ्यानं रडू फुटलं. पुण्याच्या घरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, मग कुणीतरी उचलला.

“हं, बोल.”

बाबांचा आवाज! अंगावर सर्रकन काटा आला.

“बाबा… तुम्ही… कुठून बोलताय?”

“पुण्याहून. अजून तरी इथेच आहे,” बाबा म्हणाले. “सकाळी सातपासून तीन फोन आले, मी गेलो म्हणून. तिसऱ्याला मीच सांगून टाकलं, फार चांगला माणूस होता.”

मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

खिडकीतला चेहरा काकूंचा होता. आमचं भांडं परत करायला आल्या, आतलं दृश्य पाहिलं आणि तशाच मागे फिरल्या. आमचे फोन लागेनात, म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

“अगं, दिवा काय, हार काय, पांढऱ्या चादरी काय!” आता काकूंचा आवाज पूर्ववत झाला होता. “मी दुसरं काय समजायचं?”

कुणीतरी फोन स्पीकरवर टाकला. सतरा डोकी भोवती जमली.

“एवढे सगळे माझ्यासाठी आलेत?” बाबा भलतेच खूश झाले. “आभारी आहे मंडळी. आता जेवूनच जा. आणि मृणाल, ऐकतेयस ना?”

“हो बाबा.”

“तुझा शेवटचा फोन आला, त्याला आज बरोबर तेरा दिवस झाले. खरं म्हणजे तेराव्याचं जेवण मीच घालायला हवं होतं, तुझं!”