छत वाजवणारा सासरा

माझे सासरे दादारावजी सौंसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत बावीस वर्षं एकच काम करून राहिले होते. साडेतीनशे फूट खाली, घोट्याएवढ्या पाण्यात, पाळी सुरू व्हायच्या आधी एकटे शिरायचे अन् सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकायचे. टणटण वाजलं तर ठीक. बदबद वाजलं की दगड सुटलेला, तो पाडल्याशिवाय साहेबालाही आत सोडत नसत. सुरुंगांनी डावा कान गेलेला, म्हणून उजवा वर करून ऐकायचे. त्यांचा जोडीदार मोतीराम एकदा 'उठ' म्हटल्यावर 'आलोच' म्हणाला, अन् तिथंच दगडाखाली राहिला. त्याचं नाव निघालं की अजूनही त्यांचा घास तोंडाशी थांबतो.

वर आल्यावरही ही खोड सुटेना. पोरीसाठी, छायासाठी, स्थळ पाहायला गेले की पहिले छत ठोकत. मोहगावचा मास्तर गेला, लोधीखेड्याचा पोस्टमन गेला. लोक म्हणत, म्हाताऱ्याला छतच पसंत पडत नाही. चौऱ्याऐंशी साली ते पांढुर्ण्याला आमच्या घरी आले, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. मी छायाला पाहून आलो होतो, अन् आता मला दुसरी कोणी नकोच होती.

त्यात बाबांचा स्लॅब नवा. पाहुण्याला चहाच्या आधी तो दाखवत. दादारावजींनी पोह्याची बशी खाली ठेवली, काठी उचलली अन् सुरू झाले. टण, टण, टण. माझ्या डोक्यावर आले अन् बद्द. मेलो, म्हटलं.

"बाबू, तिथून उठा," ते म्हणाले.

मी टुणकन उठलो. खरं सांगतो, छत-बित काही डोक्यात नव्हतं. छायाच्या बापानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तरी मारली असती.

बाबांना मात्र झोंबलं. नागपूरहून सिमेंट आणलं होतं, पोकळ कसं निघेल म्हणत त्यांनी काठी हिसकली अन् तिथंच दणका हाणला. परातीएवढा गिलावा माझ्या रिकाम्या खुर्चीवर पडला. बाबा टोपीपासून मिशीपर्यंत पांढरे झाले. आई पदरात तोंड खुपसून हसून राहिली होती.

कोणाला लागलं नाही, हे दादारावजींनी चाचपून पाहिलं. मग बाबांची टोपी झटकून त्यांच्या हातात दिली.

"छत काय, कोणाचंबी सुटते. उठा म्हटलं तर मास्तर हसला, पोस्टमननं वाद घातला. तुमचा पोरगा उठला. पोरगी दिली," ते म्हणाले. मग वर पाहून हळूच म्हणाले, "पण लगन मांडवातच लावू."