शिसं आणि गॅरेजचं दार

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी परदेशात, ट्रुगानिना या उपनगरातल्या घरात एकटा होतो. लॉकडाऊनमध्ये सगळं फोनवरच चालायचं. त्या म्हणाल्या, "तुझी ब्लड लेड लेव्हल फार जास्त आहे." म्हणजे रक्तातलं शिशाचं प्रमाण. "जुना रंग खरवडतोस का?"

"नाही. शिशाच्या बुलेट ओततो."

त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल?"

"आहे. सध्या पुण्यात."

"मग आपल्याकडे वेळ आहे."

पत्नी मुग्धा आणि तीन वर्षांची मुलगी रेवा मुग्धाच्या माहेरी गेल्या होत्या आणि देशाच्या सीमा बंद झाल्या. मी परवाना असलेला नेमबाज. क्लब बंद होता, काडतुसं मिळत नव्हती. व्हिडिओ पाहून बुलेट ओतायला शिकलो. टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची शिशाची जुनी वजनं आणली आणि गॅरेजमधल्या मासे तळायच्या शेगडीवर वितळवली. थंडी म्हणून शटर बंद ठेवायचो.

दोन महिन्यांनी पोटात कळा येऊ लागल्या. तोंडाला धातूची चव, झोप नाही, चिडचिड. एकटेपणाने होत असेल असं मी धरून चाललो. हातातून कप निसटू लागले तेव्हा रक्त तपासलं.

मुग्धा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तिथे बोंबील तळायला सांगितलं होतं. कारखाना काढायला नाही."

चिलेशन, म्हणजे रक्तातला धातू लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, लागलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ओतणं बंद कर. झाडू मारू नकोस, ओल्या फडक्याने पूस. "चपला कुठे काढतोस?"

पुढच्या दाराशी, मी अभिमानाने सांगितलं. गॅरेजचं दार घरातच उघडतं. त्यापलीकडचं गॅरेज आम्ही कधी बाहेर धरलं नव्हतं. गॅरेजमधल्या स्लिपर घालूनच मी रेवाच्या खोलीत जायचो, कॉलवर तिला तिची खेळणी दाखवायला. तपासणी करवली तेव्हा तिच्या कार्पेटमध्ये शिशाची धूळ सापडली. लहान मुलांना ती थोडीही बाधते.

कार्पेट उचकटून काढलं. दर महिन्याला तपासणीसाठी रक्त दिलं. नर्स दंड धरायची, तेवढाच माणसाचा स्पर्श. चौथ्या रिपोर्टला प्रमाण मर्यादेत आलं, खोलीही स्वच्छ निघाली. त्यानंतर दोघींना विमानाचं तिकीट मिळालं.

घरी बुलेट किंवा मासे पकडायच्या गळाची वजनं ओतणाऱ्यांनी आधी रक्त तपासून घ्यावं. चपलांचा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. ज्या बंद सीमांना रोज शिव्या घातल्या, त्यांनीच रेवाला त्या खोलीपासून दूर ठेवलं.

हॉटेलातलं विलगीकरण संपवून रेवा घरी आली आणि आपल्या खोलीतल्या उघड्या काँक्रीटवर उभी राहिली.

"माझं कार्पेट कुठंय?"

"बाबाने खराब केलं," मी म्हणालो.