तीन दारांची पळापळ

जळकोट तालुक्यातल्या ज्या शाळेवर माझी बदली झाली, तिथं दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक भला मोठा टीव्ही होता. टीव्ही गावानं हौसेनं घेऊन दिलेला. इंटरनेट येईल तेव्हा येई, म्हणजे येतच नसे. म्हणून लातूरला माहेरी गेले की मी भावाकडून पेन ड्राइव्ह भरून आणायची. एकदा त्यानं त्यात जुनी कार्टून घालून दिली. सात-आठ मिनिटांची, जवळजवळ बिनशब्दांची. मांजर उंदरामागं, कुत्रं मांजरामागं. शनिवारी शाळा सुटायच्या आधी एक लावायचं, असं मी ठरवलं.

दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक सर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हसणं अगदी मोजकं. दारात उभं राहून त्यांनी पहिलं कार्टून अर्धं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, यातून अध्ययन निष्पत्ती काय?"

"निरीक्षण, सर," मी म्हटलं. तोंडात आलं ते बोलून गेले.

तिसरीत एक मुलगी होती. तिचे वडील सुतार, देगलूरच्या पलीकडून इकडं कामाला आलेले. घरात तेलुगू. वर्गात ती सगळ्या प्रश्नांना मानेनं उत्तर द्यायची, हो की नाही एवढंच. सर मला दोनदा म्हणाले होते, "हिला मराठी कळत नाही. दुसरीच्या पोरांत बसवू. नाहीतर पाया कच्चा राहील." मला ते पटत नव्हतं, पण ती बोलतच नव्हती, तर मी तरी काय दाखवणार?

तिसऱ्या शनिवारी कार्टूनमधलं मांजर पळता पळता कड्याच्या पुढं गेलं. पायाखाली काही नाही, तरी पळतंच आहे. पोरं ओरडायला लागली, "पडलं, पडलं!" तेवढ्यात मागच्या रांगेतून ही उठली आणि बोट दाखवत म्हणाली, "पडंना आजून. खाली बगंल, मग पडंल."

मांजरानं खाली बघितलं. मग पडलं.

सगळा वर्ग टीव्ही सोडून तिच्याकडं बघायला लागला. ती लाजून खाली बसली, पण त्या दिवसापासून पोरांनी तिला पुढच्या रांगेत आणून बसवलं. पुढं काय होणार ते तिला आधीच कळायचं. भिंतीवर बोगद्याचं चित्र काढलं की चित्र काढणारा त्यातून आरामात जाणार आणि मागून येणारा धडकणार. लांब फेकलेली वस्तू फेकणाऱ्याच्याच डोक्यावर येणार. चेपून पापड झालेला गडी अंग झटकून पुन्हा उभा राहणार. ती हे अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी सांगायची आणि एकदाही चुकायची नाही. लहानपणी लातूरला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी असली कार्टून पोटभर पाहिली होती. पण त्यात काही नेम असतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी नुसती हसायची.

जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. सरांना हुंडाबंदीवर नाटिका हवी होती. पोरांनी मला गराडा घातला, "मॅडम, कार्टून करू. दारांचं करू!"

दारांचं म्हणजे, एका ओळीत दारं असतात. उंदीर पहिल्या दारात शिरतो, मांजर त्याच्यामागं. उंदीर तिसऱ्यातून बाहेर येतो, मांजर दुसऱ्यातून. मग कोण कुठून निघेल त्याचा मेळ राहत नाही, आणि कुणीतरी भलताच माणूस बाहेर येतो.

"करू की, पण दारं कुठून आणायची?" मी विचारलं.

मुलीनं दुसऱ्या दिवशी वडिलांनाच शाळेत आणलं. ते पायरीशीच थांबले. म्हणाले, "मॅडम, तीन दारं तयार हायती. चौकटीसकट. गिऱ्हाइकाची हायत, पण मी विचारलंय. त्यो म्हनला, मला पुढं बसायला खुर्ची द्या, बास. फकस्त ओरखडा पडाया न्हाई पायजे."

सर म्हणाले, "हुंडाबंदी आधी. मग वेळ उरला तर हे." मी ते मान्य केलं.

पंधरा दिवस आम्ही मैदानात खडूच्या रेघा ओढून तालीम केली. मांजर अर्थातच ती. उंदीर पहिलीतलं सगळ्यात बारकं पोर. कुत्रा चौथीतला एक धष्टपुष्ट मुलगा, ज्याला एकच गोष्ट सांगितली होती: दुसऱ्या दारातून जो निघेल त्याच्यावर भुंकत धावायचं. आवाजाचं खातं माझ्याकडं. पडताना वरून खाली येणारी शिट्टी मी तोंडानं छान काढते. लहानपणी त्यापायी आईची लई बोलणी खाल्ली होती, आता ती कला सरकारी कामी आली.

संमेलनाच्या दिवशी सुतारमामांनी चौकटी मागून टेके लावून उभ्या केल्या, मधल्या जागांत साड्या ताणल्या. हुंडाबंदी रीतसर पार पडली. मग आमची दारं.

उंदीर आत गेला, मांजर मागं गेलं. उंदीर तिसऱ्या दारातून बाहेर आला, टाळ्या पडल्या. आता दुसऱ्या दारातून मांजर यायचं. दार हललं. पुन्हा हललं. उघडेना. कुणाचा तरी धक्का लागून चौकट तिरपी झाली होती आणि दार त्यात गच्च बसलं होतं. मी माइकसमोर शिट्टीसाठी ओठांचा चंबू करून उभी. कुत्रा पंजे वर करून तयार. लोक कुजबुजायला लागले. खुर्चीवर बसलेला दारांचा मालक मान उंच करून बघून राहिला होता.

पाहुण्यांशेजारी बसलेले सर उठले. पोरांची फजिती त्यांना बघवली नसावी. बाजूनं मागं गेले. मला एक जोराचा धक्का ऐकू आला, आणि दुसरं दार खाड्कन उघडून सर रंगमंचाच्या मधोमध आले. चष्मा एका कानावर.

कुत्र्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं. भुंकत थेट सरांवर धावला. सरांनी कुत्र्याकडं बघितलं. मग मान वळवून प्रेक्षकांकडं बघितलं, अगदी सावकाश, जसं काही "हे काय चाललंय?" असं त्यांनाच विचारतायत. आणि मग पळाले. पन्नाशी उलटलेला माणूस तिसऱ्या दारात शिरला आणि आतून दार लावून घेतलं.

असं हसू मी त्या गावात आधी ऐकलं नव्हतं. बायका पदर तोंडात धरून वाकल्या होत्या. सुतारमामा हसायचं की दारं सांभाळायची, या पेचात नुसतेच उभे होते.

मला वाटलं, आता पडदा ओढावा. तेवढ्यात साड्यांच्या मागून तिचा आवाज आला, मोठा, स्वच्छ, माइकशिवाय सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"सर, तिथं नका थांबू! पयल्या दारातून निघा! म्या तुमच्या मागून येते!"

आणि सर पहिल्या दारातून निघाले. त्यांच्यामागं मांजर, मांजरामागं कुत्रा. उंदराला कुणीच काही सांगितलं नव्हतं, तरी तो सगळ्यात शेवटी, सगळ्यांचा पाठलाग करत. "आता दुसऱ्यातून! आता थांबा! आता जावा!" ती ओरडत होती आणि मुख्याध्यापक ऐकत होते. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी सर रंगमंचाच्या कडेला आले, एक पाय हवेत. ती मागून म्हणाली, "खाली बगा." सरांनी खाली बघितलं. मी शिट्टी वाजवली. ते फूटभर खाली सतरंजीवर बसकण मारून पडले आणि पोरांनी पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी सरांचा खांदा धरला होता. टेम्पोत दारं चढवली, एकावरही ओरखडा नव्हता. ती मुलगी जून महिन्यात चौथीत बसली. दुसरीच्या पोरांत बसवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ती आता इतकं बोलायची की दर तासाला मला दोनदा गप्प बसवावं लागे.

शाळेत त्या संमेलनाबद्दल सर चकार शब्द बोलले नाहीत. मी पण छेडलं नाही. संमेलनानंतर आठवड्यानं मधल्या सुट्टीत आम्ही दोघं कार्यालयात बसलो होतो. ते हजेरीपटात डोकं घालून होते. मान वर न करता म्हणाले,

"मॅडम, एक विचारू? तो कुत्रा अंगावर आला, तेव्हा मी जरा लवकर पळालो का?"

मी विचार केला. ते खरंच विचारत होते.

"थोडं लवकर, सर. अजून दोन सेकंद लोकांकडं बघायला हवं होतं."

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले, आणि पुढची ओळ आखायला लागले.