पुंजाभाऊंचं गलबत

१२ जून २०२४ रोजी पुंजाभाऊ बोरस्ते यांनी एक हजार आठशे चाळीस रुपये मोजून सागवानी पट्ट्या, बारीक पितळी खिळे, सुतळी आणि दीड मीटर मांजरपाट घरी आणलं. सहासष्टाव्या वर्षी, नाशिक रोडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, त्यांना गलबत बांधायचं होतं. समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा चपला हातात धरून, किनाऱ्यावरून.

पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. द्राक्षांच्या पेट्या जहाजाने जात, पण कंटेनरला सील लागलं की त्यांचं काम संपे. पुढे मुलगा महेश मालवाहू जहाजावर इंजिन विभागात लागला. त्याचा फोन आला की त्याची आई सुमनबाईच बोलायच्या. पुंजाभाऊ मागे उभे राहून म्हणायचे, "मी बरा आहे म्हणून सांग."

चार वर्षांपूर्वी सुमनबाई गेल्या आणि फोन त्यांच्या हातात आला.

"जेवलात का नाना?"

"जेवलो. तू?"

"जेवलो."

एवढ्यावर संभाषण संपायचं. मग दोघंही रेंजला दोष देऊन फोन ठेवायचे. मुलाशी बोलायला एक विषय हवा, एवढ्यासाठी पुंजाभाऊ वाचनालयात जाऊन जुन्या आरमाराची पुस्तकं वाचू लागले. शीड, डोलकाठी, सुकाणू, जहाजाचं पुढचं टोक म्हणजे नाळ, असे एकशे बारा शब्द त्यांनी वहीत अकारविल्हे उतरवले. पुढच्या फोनला त्यांनी तयारीनिशी विचारलं, "तुमच्याकडे तांडेल असतो का रे?"

"नाही हो. खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन असतो. पण जुने खलाशी त्याला अजून सारंग म्हणतात."

"आणि शीड?"

"शीड कुठलं आता! मी जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी. आठ-आठ दिवस वारा अंगाला लागत नाही."

त्या दिवशी फोन सहा मिनिटं चालला. पुंजाभाऊंनी दुसऱ्याच आठवड्यात लाकूड आणलं.

गलबत पाच महिन्यांत झालं. दोन डोलकाठ्या, पुढे फुगलेली दोन शिडं, खळ देऊन कडक केलेली. उंच काठीवर भगवा झेंडा. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते ठेवलं आणि स्वतः ओट्याशी उभं राहून जेवू लागले.

दिवाळीनंतर महेश आला. दोन महिन्यांच्या रजेतला बराचसा वेळ मुंबईत बढतीच्या परीक्षेच्या क्लासला जाणार होता. नाशिकच्या वाट्याला दोन दिवस होते. त्याने पिशवी खाली ठेवली, गलबताभोवती एक फेरी मारली आणि हसू लागला.

"नाना, झेंडा उलटा लावलाय."

"उलटा कसा? गलबत पुढे चाललंय, झेंडा मागे फडकणार. जीपवरचा कधी पाहिला नाहीस?"

"अहो, जीप इंजिनवर पळते, वारा कापत. हे वाऱ्यानेच चाललंय. शिडं पुढे फुगलीत म्हणजे वारा पाठीमागून येतोय. मग झेंडा वाऱ्याच्या तोंडावर कसा जाईल? तोही पुढेच!"

पुंजाभाऊंनी शिडांकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं. एकशे बारा शब्दांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"पक्के नाशिककर तुम्ही," महेश म्हणाला. "गोदावरीतले दर्यावर्दी!"

"आणि तू रे? शीड न पाहिलेला खलाशी!"

दोघंही हसले. महेश खुर्ची ओढून बसला. वादळात जहाज कसं कण्हतं, सारंगाला वासावरून पाऊस कसा कळतो, आई गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा तो कुठल्या समुद्रात होता, हे सगळं त्याने सांगितलं. शेवटचं पुंजाभाऊंनी कधी विचारलं नव्हतं.

"उद्या आपण दोघं झेंडा फिरवू," महेश म्हणाला.

सकाळी क्लासमधून फोन आला, वेळापत्रक बदललं होतं. दहाच्या गाडीने तो गेला. झेंडा तसाच राहिला.

पुंजाभाऊंनी सात आठवडे वाट पाहिली. मग क्लास संपवून महेश परस्पर जहाजावर रुजू झाल्याचा मेसेज आला. त्यांनी एकट्यानेच झेंडा सोडवायला घेतला. खळीने कडकडीत झालेलं कापड काठीपाशीच फाटलं. ते खाली टेलरिंगचं काम करणाऱ्या कलाबाईंकडे गेले.

"एवढासा झेंडा? कुठल्या देवळाचा हो दादा?"

"जहाजाचा."

"अगं बाई! आणि जहाज कुठं लावलंय, पार्किंगमध्ये?"

त्यांनी हसून मान हलवली. नवा झेंडा त्यांनी पुढच्या दिशेने बसवला, फोटो काढून महेशला पाठवला. खाली लिहिलं, 'आता वारा बरोबर आहे का?'

नवव्या दिवशी उत्तर आलं: 'हो नाना. बरोबर.'

पुंजाभाऊंनी ते दोनदा वाचलं. विचारण्यासारखं काही राहिलं होतं का, म्हणून वही उघडून पाहिली, मिटली आणि ओट्याशी जाऊन भाकरी खाल्ली.

झेंड्याच्या शिलाईपैकी कलाबाईंचे वीस रुपये द्यायचे राहिले आहेत.