सदतीस ग्रहांची फेरमोजणी

अप्पांचं आणि माझं सगळ्यात मोठं भांडण लग्नावरून झालं नाही, नोकरीवरूनही नाही. ते झालं सदतीस ग्रहांवरून. सांगायला लाज वाटते, पण भांडण खरंच मोठं होतं. तीन आठवडे आमच्या कॉम्प्युटरवर चादर पांघरलेली होती आणि आई आम्हा बापलेकींना वेगवेगळ्या वेळी वाढत होती.

अप्पा सरकारी मोजणीदार होते. शेताच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, नकाशा काढायचा, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. आज मंद्रूपकडं, उद्या अक्कलकोटकडं, उन्हानं रापून संध्याकाळी घरी. माझ्या शाळेत ते एकदाच आले, सहावीच्या गॅदरिंगला. नाटकात मी घोड्याचे मागचे पाय होते. चादरीखाली कंबरेत वाकून, पुढच्या पायांच्या मुलीचा परकर धरून मी स्टेजभर फिरले. मला अप्पा दिसले नाहीत, त्यांना मी दिसले नाही. ते पहिल्या रांगेत बसले होते, हे आईनं नंतर सांगितलं. सायकलवरून घरी येताना ते एवढंच म्हणाले, "मागचं पाय चांगलं चाललं." त्या वाक्यावर मी पुढं कित्येक वर्षं काढली.

ऑफिसचं काम घरून करायची मुभा मिळाली तशी मी पुण्याहून सोलापूरला परत आले. रविवारी दुपारी कूलर लावायचा आणि अवकाशयानाचा एक गेम खेळत बसायचं, हा माझा शौक. त्या गेममध्ये लढाया फारशा नाहीत. मोजता येणार नाहीत इतके तारे, प्रत्येकाभोवती ग्रह, आणि आपण आपलं यान घेऊन हिंडायचं. एका रविवारी अप्पा मागं पेपर वाचत बसले होते. पडद्यावर तांबूस मातीचा एक ग्रह आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे रान कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही, अप्पा. जो पहिला जाईल, त्याचं नाव लागतं. कायमचं."

अप्पांनी पेपरची घडी केली. पस्तीस वर्षांत कुणाचंच नसलेलं रान त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रत्येक तुकड्याला निदान चार भाऊ, दोन दावे आणि एक रागावलेली चुलती असायची.

पुढच्या रविवारी त्यांचं स्वतःचं खातं उघडलं. टोपणनाव त्यांनीच दिलं, मोजणीदार. जुन्या फील्डबुकसारखी एक वही आखली. त्यात ग्रहाचा नंबर, मातीचा रंग, डोंगर कुठल्या अंगाला, शेरा, आणि शेवटचा रकाना 'समक्ष हजर', मोजणीला जो जागेवर होता त्याच्या सहीचा. ताऱ्यापासून ग्रहापर्यंत यान सरळ न्यायचं, ग्रहाला एक फेरी मारायची, उतरायचं, थोडं चालायचं आणि मगच वहीत नोंद, अशी त्यांची पद्धत. रविवारी एक ग्रह व्हायचा, फार तर दोन. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुठल्या गावाला गेलेत हे?"

माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे, त्यांच्या घरचं चादरींचं दुकान आहे. तोही लॅपटॉप घेऊन यायचा. त्याच्या नावावर चार हजार ग्रह होते. अप्पांचं चाललेलं बघून त्याला राहवायचं नाही. "काका, उतरको क्या करते उधर? दगडच हाय की तितं."

"दगड हाय, हे तुला कसं कळलं?" अप्पा विचारायचे.

मग गेमचं नवं अपडेट आलं आणि दगडाची ही कुरबूर जगभर पेटली. आधी प्रत्येक ग्रहाजवळ जाऊनच त्याची नोंद व्हायची. काही ग्रह इतके लांब, की तासभर नुसतं समोरच्या अंधाराकडं बघत बसावं लागे. आता ताऱ्याजवळ थांबायचं, एक गोल पडदा उघडायचा, जुन्या रेडिओवर स्टेशन लावावं तशी खुंटी फिरवायची, की पाच मिनिटांत त्या ताऱ्याचे सगळे ग्रह तुमच्या नावावर. फोरमवर लोक एकमेकांच्या जिवावर उठले. एक बाजू म्हणे, सुटलो त्या कंटाळ्यातून. दुसरी म्हणे, कंटाळाच काढलात तर मग शोधलं काय? मित्र अर्थात नव्याच्या बाजूचा होता. मीही. मला ताटकळणं जमत नाही, बसस्टॉपवरसुद्धा मी चालत पुढच्या स्टॉपला जाते.

अप्पांनी नवा पडदा एकदा चालवून बघितला आणि बंद केला. "टेबलावर बसून मोजणी करनारी मानसं म्या बघितल्यात," ते म्हणाले.

त्यांचा सत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा वहीत त्रेसष्ट ग्रह झाले होते. शंभर व्हावेत ही त्यांची इच्छा, दोनदा बोलूनही दाखवली होती. ते आणि आई जेऊरला एका लग्नाला गेले, आणि मला वाटलं, ही भेट आपण देऊ. मी त्यांच्या खात्यावरून पाच तारे गाठले, खुंटी फिरवली, आणि भाकरी-चटणी खात एका दुपारीत सदतीस ग्रह त्यांच्या नावावर केले. बरोबर शंभर. मी इतकी खूश होते की पडद्याला फुगा बांधला.

परत आल्यावर अप्पांनी फुगा सोडून बाजूला ठेवला. वही उघडली, पडद्यावरचा आकडा बघितला, पुन्हा वही बघितली. "ह्यात कोन गेलं व्हतं?"

"कोणी नाही. नवा पडदा आहे ना, त्यानं."

"मग माझं नाव का लावलंस? काड ते."

नाव निघत नव्हतं. एकदा लागलं की कायमचं, हाच तर त्या गेमचा नियम. मी म्हटलं, "अप्पा, खेळ आहे हा!"

"खेळ हाय तर नाव कायमचं कशाला ठेवतंय? सदतीस खोट्या नोंदी झाल्या माझ्या नावानं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी भेट अशी धुळीला मिळालेली बघून माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर हजर राहिलात. आमच्यासाठी कधी हजर होतात? एकदा! तेही घोडा बघायला."

अप्पांचा चेहरा उतरला. उलट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली, कपाटातूनच चादर काढून कॉम्प्युटरवर घातली आणि गच्चीवर गेले.

पुढचे तीन रविवार मी खोलीत बसून फोरमवर दोन्ही बाजूंचं वाचत राहिले. मित्रानं गेमच्या कंपनीला पत्र लिहिलं, काकांचं नाव काढा म्हणून. 'आमच्या खेळावरील प्रेमाबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. ते त्यानं अप्पांना वाचून दाखवलं, तर अप्पा हसले, पण खुर्चीवर बसले नाहीत. मला भीती वाटू लागली. गेम गेला तर जाऊ दे, पण आम्हा दोघांना बोलायला दुसरं काही नव्हतं. दर रविवारचे ते तीन तास सोडले तर आमचं संभाषण म्हणजे पाणी आलं का आणि गॅस आला का. चाळीस वर्षांची झाल्यावर बाप जरा कुठं हाताला लागला होता, आणि मीच त्याला गच्चीवर घालवलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा मीही ताट घेऊन शेजारी बसले. आईनं दोघांना एकदमच वाढलं. मी विचारलं, "अप्पा, मोजणी चुकली तर काय करतात?"

"फेरमोजणी."

"कोण करतं?"

ते भाकरी मोडत राहिले. आमटी संपली, भात आला. मग म्हणाले, "किती म्हनलीस? सदतीस?"

चादर निघाली. रविवारमागून रविवार आम्ही त्या सदतीस ठिकाणी गेलो. यान मी चालवायची, कारण त्यांचा हात आता थरथरतो. कुठं उतरायचं ते अप्पा सांगायचे. एक ग्रह पूर्ण बर्फाचा निघाला. एकावर इतका वारा की यान कलंडलं. मित्र "काकांची कचेरी उघडली" म्हणून चिडवायचा, पण बर्फाच्या ग्रहावर त्यानंही आपलं यान आणून आमच्या शेजारी उतरवलं. नंतर म्हणाला, नेट स्लो होतं म्हणून थांबलो.

सदतिसावा ग्रह ताऱ्यापासून फार लांब होता. पाऊण तास यानाचं नाक सरळ धरून जायचं, बाकी काही करायचं नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी होती म्हणून मित्र आला नव्हता. पडद्यावर काळोख, शेजारी अप्पा. वीस मिनिटं गेल्यावर ते एकदम बोलायला लागले.

"मंद्रूपकडं दोन भावांचं रान व्हतं. मोजायची तारीख दिली व्हती. त्या दिवशी म्या गेलोच न्हाय. जुन्या नकाशावरनं हितंच टेबलावर बसून नवा काढला. जाग्यावर बांध वाकडा व्हता, पान्याच्या हिरीला वळसा घालून गेलेला. माझ्या कागदावर सरळ आला. धाकट्याची हीर थोरल्याच्या रानात गेली."

"मग?"

"महिन्याभरानं कळलं. म्याच लिहून दिलं, चूक माझी म्हनून. फेरमोजणी केली. हीर परत मिळाली त्याला. पर भाऊ बोलायचं बंद झालं ते झालंच."

मी विचारलं, "त्या दिवशी का नाही गेलात?"

अप्पा पडद्याकडंच बघत होते. "तुझं गॅदरिंग व्हतं की."

एवढी वर्षं तो एक दिवस मी मोजत आले होते आणि शेवटी त्यांच्या तोंडावर फेकला होता. त्या दिवसाची किंमत कुणी भरली ते मला माहीत नव्हतं. मी चेष्टेवर नेलं. "आणि मी तर चादरीखाली. तुम्हाला दिसलेसुद्धा नाही. वाया गेला म्हणायचा तुमचा दिवस."

"दिसली न्हाईस," अप्पा म्हणाले. "पर व्हतीस की तितं."

ग्रह आला. करड्या मातीचा, साधा, दगडांनी भरलेला. आम्ही फेरी मारली, उतरलो, थोडं चाललो. अप्पांनी वहीत नंबर घातला, माती करडी, डोंगर उत्तरेला. मग वही माझ्याकडं सरकवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं, 'समक्ष हजर'.

"हितं तू सही कर," ते म्हणाले.