सराफाचा हात

माझा नवरा आठवड्यातून दीड दिवस माझा असायचा, आणि त्यातली रविवारची दुपार नाण्यांनी आधीच बळकावलेली असायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. तिथं क्वार्टर मिळत नव्हतं, चौघांत मिळून एक खोली होती, आणि इकडं सोलापुरात सासूबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून मी इथं, ते तिथं. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. लग्नाला काही वर्षं झाली तरी मला त्यांची पाठच जास्त ओळखीची होती, पिशवी खांद्याला लावून गल्लीच्या टोकाला वळणारी.

त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद होता. रविवारी सकाळी अंघोळ झाली की पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं, आणि कापूस घातलेल्या डब्या एकेक करून उघडायच्या. मग त्यांचे दोन दोस्त यायचे. एक तेलुगू विणकर, पूर्व भागात स्वतःच्या मागावर चादरी विणणारा. दुसरा बाजारात घड्याळं दुरुस्त करणारा, दखनी बोलणारा, येताना डोळ्याला लावायचं भिंग खिशात घेऊनच येणारा. तिघं जण फडक्यावर अशी डोकी जोडून बसायचे की मी चहा ठेवला काय न् नेला काय, सारखंच. सासूबाई म्हणायच्या, "देवापुढं तरी एवढा येळ बसत न्हाय माझा ल्योक."

दुपारी तिघं मॅटिनीला जायचे, पण फक्त ऐतिहासिक नाहीतर पौराणिक सिनेमाला. गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. पडद्यावर मोहरांची थैली निघाली की तिघं खुर्चीत पुढं सरकायचे. सिनेमावाले तेव्हा कसलीही नाणी दाखवायचे. शिवकाळातला मावळा राणीछाप रुपया घेऊन गडावर जायचा. एका पौराणिक सिनेमात राजानं ऋषीला दान दिलं, त्यात भोकाचा पैसा निघाला. घड्याळवाला म्हणाला, "देखे क्या? बीच में सुराख है." विणकर म्हणाला, "ती मोहर बी मशीनची हाय. कडंला दाते दिसले की." पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "ओ, ऋषीचं ऋषी बघंल, तुमी गप बसा की."

मी रुसून बसले तेव्हापासून मलाही न्यायला लागले. मी कडेच्या खुर्चीवर, शेजारी ते, पलीकडं दोस्त. पडद्यावर राणी सती जायला निघालेली, माझ्या डोळ्यांना पदर, आणि हे माझ्या कानाशी वाकायचे. मला दर वेळी वाटायचं, अंधारात एवढ्या जवळ येतोय हा माणूस तर काहीतरी आमच्या दोघांपुरतं बोलेल. ते म्हणायचे, "ही शिवराई न्हाय गं. नुसता पत्रा हाय." असा राग यायचा मला. मला जास्त काही नको होतं. एखाद्या रविवारी ह्या माणसानं नाणी सोडून माझ्याकडं बघावं, एवढंच मनात होतं. पण हे तोंडानं मागायचं असतं का? मागून मिळालं तर त्यात काय राहिलं, असा माझा हट्ट.

एका हिवाळ्यात कुंभारीजवळच्या माळावर सिनेमा कंपनी उतरली. पेशवाईतली बाजारपेठ उभी केली होती म्हणे, बांबू, पोती आणि रंगवलेल्या फळ्यांची. एका रविवारी कंपनीचा माणूस आमच्या दारात आला. बेलबॉटम, डोळ्यांवर मोठा चष्मा. सराफ कट्ट्यावर खरी नाणी शोधत होता, तिथल्या सराफानं आमचं घर दाखवलं. त्यांच्या सिनेमात एक सराफ गिऱ्हाइकाला पैसे मोजून देतो, आणि ती मोजणी पडदाभर दिसणार होती.

तिघांना काय आनंद झाला सांगू. इतकी वर्षं सिनेमावाल्यांच्या चुका काढल्या, आता एक सिनेमा तरी बिनचूक निघणार होता. ह्यांनी तांब्याच्या शिवराया काढल्या. अंकुशी रुपये काढले, पेशवाईतले, ज्यांच्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण असते. त्या माणसानं बघितलं आणि म्हणाला, "फार काळी आहेत हो. चिंचेनं घासून घेतो, म्हणजे चमकतील."

ह्यांनी फडकं स्वतःकडं ओढून घेतलं. "घासायची असतील तर न्हाय मिळायची." नाण्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय, आणि ते घासलं की नाणं मेलं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ऐकवलं होतं.

"बरं, नाही घासत," तो म्हणाला. "आमच्या नटाच्या हातात द्या, मोजून झाली की लगेच परत."

"त्याच्या हाताला रंग असंल, तेल असंल. दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाईत."

तो वैतागला. "मग काय पडद्यावर तुमचा हात दाखवू?"

"दाखवा की," हे म्हणाले. रागात बोलून गेले होते, पण तो माणूस त्यांच्या हाताकडं बघतच राहिला.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं कुंभारीला गेलो. ह्यांच्या अंगात अंगरखा घातला, बोटात अंगठी घातली. खाली त्यांची तीच खाकी पँट, वर पेशवाई आणि खाली रेल्वे. मी दोरीच्या अलीकडं मागच्या बाजूला उभी होते, दोस्त दोरीच्या कडेला, तिथून मोजणी दिसायची. कॅमेरा त्यांच्या हातावर वाकलेला, मोठमोठे दिवे, आणि ते पुन्हा पुन्हा तेच करत होते. एवढ्या लांब जाऊन मला दिसली ती पुन्हा त्यांची पाठच.

सिनेमा यायला वर्ष उलटून गेलं. दर शुक्रवारी मी शेजाऱ्यांकडचं वर्तमानपत्र मागून जाहिराती बघायची. शेवटी एका शुक्रवारी लागला, आणि नेमके त्या शनिवारी हे आलेच नाहीत. वर्कशॉपात लहान गाडीच्या इंजिनांचं काम अडलं होतं, रविवारी सुट्टी नाही, असा निरोप गाडीवरच्या ओळखीच्या माणसानं आणून दिला. दोस्त म्हणाले, "थांबू की. ह्यो रविवार न्हाय तर फुडचा. चौघं मिळून बघू."

मी हो म्हणाले. सोमवारी मला राहवेना. सासूबाईंना म्हटलं, "तुमच्या लेकाला बघून येते."

त्या घाबरल्या. "कुर्डुवाडीला? येकटी?"

"नाही. टॉकीजात."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझं गुडघं न्हाय चालायचं. तू जा. नीट बघून ये नि मला सांग."

टॉकीजात मोजकी माणसं होती. सिनेमा रडका होता आणि वाईट होता, मला आता त्यातलं काही आठवत नाही. मग सराफाचं दुकान आलं. सराफ म्हणजे एक गोल, लठ्ठ नट. तो हसला, आणि पुढच्या क्षणी पडदाभर हात आला. तोंड त्या लठ्ठ माणसाचं आणि हात माझ्या नवऱ्याचा. अंगठ्याजवळ लेथवर कापलेली खूण. नखांच्या कडेला न निघणारं काळं ग्रीस. मनगटाचं हाड, जे मी दर रविवारी ते खांद्याला पिशवी धरून जाताना बघायची. एवढा मोठा, एवढा जवळ मी तो कधी बघितला नव्हता. हात नाणं उचलायचा, क्षणभर थबकायचा, आणि गादीवर अलगद ठेवायचा. मला हुंदका आला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता कुटं रडायचं आलंय?"

मी मंगळवारी पुन्हा गेले, बुधवारीही गेले. सासूबाई रोज विचारायच्या, "दिसला का?" आणि मी म्हणायची, "दिसले." बरे आहेत असंही सांगायची, जसं काही मी स्टेशनावर भेटून आले होते.

गुरुवारी सिनेमा उतरवला. चाललाच नाही. शनिवारी हे स्टेशनावरून थेट टॉकीजपाशी गेले, तिथं दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर. घरी आले ते तोंड एवढंसं करून. पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. मला इतकं वाईट वाटलं त्यांच्याकडं बघून, की मी बघून आले हेही लगेच सांगवेना. सासूबाईंनीच सांगितलं.

रविवारी तिघं सतरंजीवर आणि मी त्यांच्यासमोर, अशी माझी उलटतपासणी झाली. अंकुश दिसत होता का? वरची नाणी शिवराया होत्या की रुपये? अक्षरं वाचता येत होती का? छाप्याची बाजू वर होती की काट्याची?

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"असं कसं? तीनदा बघितलं न्हवं?" विणकर म्हणाला.

"मी नाणी बघितलीच नाहीत."

"मग काय बघितलं?" हे म्हणाले.

सासूबाई दारात होत्या, दोघं परके पुरुष समोर होते, पण माझ्या तोंडून निघून गेलं. "तुमचा हात."

घड्याळवाल्यानं कप उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलून सुटावं म्हणून मी म्हणाले, "आणि एक चूक होती."

चूक म्हटल्यावर तिघांची डोकी वर झाली. "कुठली?"

"पेढीवरचा सराफ नाणं असं उचलतो का?" मी डबीतलं एक नाणं अंगठा आणि तर्जनीत धरून दाखवलं, नुसतं कडेवर, वरखाली बोट न लावता. "तो मुठीनं ओढतो. दगडावर आपटून आवाज ऐकतो. चळत लावतो. तुम्ही एकेक असं उचलत होता, जसं काही त्याला दुखेल."

आधी विणकराला हसू फुटलं. मग घड्याळवाला हसायला लागला, तो डोळ्यातलं भिंग पडेपर्यंत. नाण्याच्या तोंडाला घाम लागू नये म्हणून कडेनं धरायची सवय तिघांच्याही बोटात इतकी मुरलेली, की कुंभारीच्या माळावर दोरीपाशी उभं राहून बघतानाही ती चूक कुणाला दिसली नव्हती. सगळ्या सिनेमांच्या चुका काढणाऱ्यानं खऱ्या नाण्यांबरोबर खरी चूक करून ठेवली होती. हे मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. नाण्यांकडं नाही, माझ्याकडं. मी पदर सारखा केला.

दोस्त त्या दिवशी मॅटिनीला थांबले नाहीत, काम आहे म्हणून निघून गेले. ह्यांनी डब्या बंद केल्या आणि विचारलं, "आणखी काय दिसलं?" मी लेथच्या खुणेचं सांगितलं, नखांचं सांगितलं. ते हात पुढं धरून बघायला लागले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. संध्याकाळची गाडी त्यांनी जाऊ दिली, पहाटेची धरली. पुढं म्हणाले, "पुन्हा लागला तर दोघंच जाऊ."

तो सिनेमा पुन्हा कुठंच लागला नाही. आम्ही पंढरपूरच्या, बार्शीच्या, तंबू टॉकीजांच्या जाहिराती बघितल्या. पुढं कुर्डुवाडीत क्वार्टर मिळालं, मुलं झाली, दीड दिवसाचे सात दिवस झाले. टीव्ही आला, तेव्हा रविवारी दोघं त्याच्यापुढं बसायचो, लागला तर लागला म्हणून. ते गेल्यावर नाणी मी विणकराच्या मुलाला देऊन टाकली. आमच्या घरात त्यांचे फोटो आहेत, लग्नातला आहे, निवृत्तीचा आहे. सगळ्यांत ते ताठ उभे आणि हात पाठीमागे. तेव्हा तशीच पद्धत होती.

नातीला सांगितलं तर तिनं मोबाइलवर शोधलं. अशा सिनेमांची रिळं कुणी ठेवली नाहीत, म्हणाली. असतीलही कुठं तरी. मला तो सिनेमा एकदा बघायचाय. गोष्ट नको, नाणीही नकोत. हात येऊन गेला की मी उठून घरी येईन.